घानाच्या उत्तरेत, मातीकामाच्या हंगामात

घानाच्या उत्तर टोकाला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ सिरिगू नावाचं गाव आहे. तिथल्या नानकानी लोकांची घरं मातीची. भिंती पुरुष उभ्या करतात. गिलावा, घोटाई आणि रंगकाम बायका करतात. लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांतल्या त्या भिंतींचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. त्याच भागातल्या एका लहान गावात मी कोरड्या ऋतूत स्वयंसेवक म्हणून मातीकाम करायला गेले होते. आपल्याकडून असं कुणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी मी का गेले ते सांगते. माझं माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. आमचं घर माळवदाचं होतं. लाकडी खांब, तुळया, त्यांवर किलचण, वर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि उजेडापुरतं साणं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. आमच्या भागात त्यानंतर एकच वाक्य वर्षानुवर्षं ऐकलं, की मातीच्या घरांनी माणसं मारली. पुढे सिव्हिल इंजिनिअरिंग शिकताना कळलं की खरी गोष्ट एवढी सरळ नाही. बेढब दगडांच्या दोन पदरी भिंती, मध्ये नुसती भर, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे जोडदगड नाहीत, आणि दर पावसाळ्याआधी माळवदावर टाकलेल्या मातीचा वाढत गेलेला भार, अशी ती सगळी रचना होती. कित्येक घरांत भिंती कोसळल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला. पण त्या पहाटेनंतर हे ऐकून घ्यायची कुणाची मनःस्थिती नव्हती, आणि ते मला समजतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना जोडदगडाचं शास्त्र कोण सांगणार? व्हायचं ते झालं. एका पिढीत माळवद संपलं, आणि ते बांधणारे मिस्त्री सेंटरिंगच्या कामाला लागले.

नोकरी लागल्यावर मी ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये एक छोटा अभ्यासक्रम केला. दाबून केलेल्या मातीच्या विटा, कमानी, घुमट असं सगळं तिथे उत्तम शिकवतात. तरी माझ्या मनात होतं की जिथे मातीकाम अजून रोजच्या घरगुती कामांपैकी एक आहे, तिथे जाऊन ते करावं. मालीतल्या जेन्नेच्या मशिदीला दरवर्षी सगळं गाव मिळून गिलावा करतं, ते बघायची फार इच्छा होती. सिरिगूहून सीमेपलीकडे फार लांब नसलेल्या तिएबेलेच्या राजवाड्याचीही होती. तो २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. पण माली आणि बुर्किना फासो, दोन्हीकडे सुरक्षिततेची परिस्थिती वाईट. घाना त्या मानाने शांत, इंग्रजी चालतं, म्हणून घाना.

संस्था निवडायला मी सर्वात जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. इंटरनेटवर अशा संस्थांची रांग लागलेली आहे. काहींचं माहितीपत्रक वाचून मला अस्वस्थ वाटलं: डॉलरमध्ये भरभक्कम शुल्क, आठवड्याभरात 'एका गरीब कुटुंबासाठी घर', शेवटच्या दोन दिवसांत हत्ती बघायला अभयारण्य. मी प्रत्येकाला लिहून विचारलं की माझ्या पैशांतला किती भाग गावातल्या मिस्त्रींना आणि बायकांना मजुरी म्हणून जातो, काम कुणाच्या सांगण्यावरून चालतं, आणि स्वयंसेवक नसतील त्या वर्षी काम थांबतं का. बहुतेकांनी पुन्हा तेच माहितीपत्रक पाठवलं. एका स्थानिक गटाने मात्र हिशेबच पाठवला. मिस्त्रींची रोजची मजुरी, गिलावा करणाऱ्या बायकांची मजुरी, ज्या घरी राहायचं त्या घराला द्यायची रक्कम, पाण्याचा खर्च. खाली एक ओळ होती: तुम्ही इथे शिकाऊ म्हणून याल आणि पहिले काही दिवस गारा तुडवाल. मी त्याच दिवशी होकार कळवला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पिवळ्या तापाची लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं, आणि ते परत येताना भारतातही दाखवावं लागतं, त्यामुळे जपून ठेवा. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल ते संस्थेकडून लेखी घ्या. मी मुंबई–अदिस अबाबा–अक्रा विमानाने गेले. तिथून कुमासी, तामालेमार्गे बोल्गाटांगापर्यंत बस, आणि पुढे गावापर्यंत मिळेल ते वाहन.

मी पोचले तेव्हा हरमटान सुरू झाला होता. सहाराकडून येणारा हा कोरडा, धुळीचा वारा. पहाटे शाल लागते, दुपारी ओठ फुटतात, आणि घरोघरी शिया बटर, म्हणजे शिया झाडाच्या बियांचं लोणी, असल्यामुळे फुटलेल्या ओठांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. तिकडे पावसाळा एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. पीक घरात आलं की बांधकामाला सुरुवात होते, कारण या वाऱ्यात भिंतीचा ओला थर चटकन वाळतो आणि पुढचा चढवता येतो. शेताला हातांची गरज नसते तेव्हा घराचं काम काढायचं, हे गणित आपल्या गावांतही असंच होतं.

ज्या वाड्यावर काम होतं तिथली एक खोली आदल्या पावसात बसली होती. वाडा म्हणजे अंगणाभोवती गोल आणि चौकोनी खोल्या, आणि सगळ्यांना जोडणारी भिंत. मुख्य मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी पडलेल्या भिंतीची माती बाजूला ओढून ठेवली होती. जुनी माती भिजवून पुन्हा वापरायची आणि कमी पडेल तेवढीच नवी खणायची. नवी माती बघताना त्यांनी चिमूटभर दाताखाली धरली, मग भिजवून तिची वळी केली, बोटावरून लोंबती सोडली आणि कुठे तुटते ते पाहिलं. मी माझ्या सवयीने बाटलीत पाणी घालून माती निवळायला ठेवली. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे थर सकाळी दिसले, आणि त्यांनी 'थोडी रेताड, जुनी जास्त घाला' असं जे आदल्या दिवशी सांगितलं होतं तेच त्यातून निघालं. दुभाषाचं काम गावातले एक शिक्षक करत. त्यांना ती बाटली इतकी आवडली की ती त्यांनी शाळेसाठी मागून घेतली.

गारा करायची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. माती, बारीक तोडलेलं गवत, पाणी; ते काही दिवस मुरू द्यायचं आणि मग तुडवायचं. तुडवताना पायाला कळतं की गवत कुठे गोळा झालंय आणि कुठे माती कोरडी राहिली आहे. मिस्त्री भिंतीवर बसत आणि खालून चिखलाचे गोळे त्यांच्याकडे फेकायचे. गोळा हातात आला की तो मागच्या गोळ्यावर दाबून बसवायचा, दोन्ही बाजू तळव्याने ओढून सारख्या करायच्या. एका वेळी साधारण दीड फुटाचा थर. तो पुरता आवळला की पुढचा. भिंत खाली जाड, वर निमुळती. ओळंबा नव्हता, पण मी माझा लावून पाहिला तेव्हा बदलण्यासारखं काही सापडलं नाही.

मातीचं घर फुकटात होतं असं शहरात बसून आपण सर्रास बोलतो. ते खरं नाही. एवढ्या गाऱ्याला लागणारं पाणी बोअरवेलच्या हातपंपावरून येतं, आणि ते बायका-मुली डोक्यावरून आणतात. भिंतीचं श्रेय मिस्त्रींना मिळतं, पण त्या भिंतीत सर्वात जास्त खेपा या मुलींच्या आहेत. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. आमच्या गटाच्या हिशेबात पाण्याचा खर्च वेगळा का लिहिला होता ते मला पहिल्याच दिवशी पंपावर कळलं. त्यातून गाढवगाडीने पिंपं आणली जात आणि मुली वेळेवर शाळेत जात.

छपरावरून घरात बरीच चर्चा झाली. जुनी पद्धत म्हणजे सपाट मातीचं छप्पर. बेळक्याच्या खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडं आणि वर चोपलेली माती. पाणी जायला पन्हळी. वर धान्य वाळतं, उन्हाळ्यात माणसं झोपतात. मला ते आमच्या माळवदाइतकं ओळखीचं वाटलं. फरक इतकाच की ते थर जाडीने आटोपशीर होते. पण वाळवी न लागणारं जाड लाकूड आता मिळत नाही, आणि मिळालं तर परवडत नाही. शेवटी नव्या खोलीवर पत्रा पडला, भिंती भिजू नयेत म्हणून पुढे चांगला ओढलेला. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो तेव्हा त्या पत्र्याखाली काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण लाकडाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. यावर एक वाट बुर्किना फासोमध्ये २००० पासून रुजली आहे. ती म्हणजे न्यूबियन कमान, लाकूड आणि सेंटरिंगशिवाय कच्च्या विटांनी वळवलेलं छप्पर. इजिप्तमधल्या लक्झरजवळ रामेसियमच्या कोठारांवर अशा कमानी तीन हजारांहून जास्त वर्षं टिकून आहेत. तिचा मला सर्वात भावलेला भाग पैशांचा आहे: विकत आणायचं फारसं काहीच नसल्यामुळे खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो आणि तो गावातच राहतो.

भिंत उभी राहिली आणि काम बायकांच्या हाती गेलं. मी बाई असल्यामुळे दोन्हीकडे वावरता आलं, ही माझी सोय झाली. खोलीची जमीन करायचा दिवस मला जन्मभर लक्षात राहील. मुरमाड लाल माती पसरली, पाणी शिंपडलं आणि दहा-बारा जणी उकिडव्या बसून हातात लाकडी चोपणी घेऊन एका ओळीत मागे मागे सरकू लागल्या. एकीने गाणं धरलं की चोपण्यांचा ठोका त्या गाण्यावर पडे. मध्येच पाण्याचा हबका, पुन्हा ठोके. माती दबत जाई तसा आवाज बदले: आधी भद्द, मग घट्ट, आणि शेवटी लाकडावर लाकूड आपटावं तसा. तो आवाज आला की मुख्य बाई हात वर करत. मग शेणाचा काला, आणि तो सुकत असताना गुळगुळीत दगडांनी घोटाई.

माझ्याकडून दगड नीट फिरत नव्हता तेव्हा एका आजींनी माझं मनगट धरलं, दगडाची चपटी बाजू खाली वळवली आणि माझा हात आपल्या हाताखाली घेऊन लहान लहान वर्तुळं काढायला सुरुवात केली. त्यांचा हात खडबडीत आणि फार हलका. काही न बोलता त्या बराच वेळ तशाच फिरवत राहिल्या. मग त्यांनी आपला हात काढून घेतला, आणि माझा त्याच गतीने चालू राहिला.

शेवटचा लेप दावादावाच्या शेंगांचा. या झाडाच्या बिया आंबवून तिथे रोजच्या कालवणात घालतात, आणि उरलेली टरफलं भिजवून, उकळून गडद तपकिरी पाणी काढतात. ते भिंतीवर आणि जमिनीवर शिंपडलं की वर चकाकी येते आणि पाणी सहज शिरत नाही. टरफलांतलं टॅनिन चिकणमातीच्या कणांना घट्ट धरतं, हे पुढे शास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. रंगही तिथलेच: लाल लॅटराइटचा, म्हणजे जांभ्याचा, काळा आणि पांढरा दगड दळून. ओल्या गिलाव्यावर आधी रेषा कोरतात, मग गिनी कोंबडीच्या पिसाने रंग भरतात आणि पुन्हा दगडाने घोटतात. त्रिकोणांच्या ओळी म्हणजे फुटक्या तुंब्याचे तुकडे. शिवाय तुंबे टांगायची जाळी, गाय, अजगर. कुठे काय काढायचं ते वयाने मोठ्या बायका ठरवतात. सिरिगूत या बायकांची स्वतःची संस्था १९९७ पासून आहे. तिथे त्या मडकी घडवतात, भिंतींवरची नक्षी कॅनव्हासवर आणतात आणि पाहुण्यांना शिकवतात. एका रविवारी आम्ही नाव्रोंगोचं कॅथेड्रलही पाहून आलो. १९०६ मध्ये सुरू झालेल्या मिशनचं ते मातीचं चर्च, आणि आतल्या भिंतींवर सिरिगूच्या बायकांनी १९७० च्या दशकात केलेली उठावाची नक्षी. येशूच्या चर्चमध्ये त्यांच्या गाई-गुरांना भिंतीवर जागा मिळालेली बघून मला फार बरं वाटलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येते. ही कला मरते आहे कारण तरुणांना तिची लाज वाटते, असं मी जाण्याआधी सगळीकडे वाचलं होतं. गावात मला दिसलं ते वेगळं. भिंती बांधायचा हंगाम कोरडा ऋतू, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तिथली तरुण मुलं-मुली कुमासी आणि अक्राला मजुरीला जातात. मुली तिथल्या बाजारांत डोक्यावरून ओझी वाहतात. त्यांना 'कायायेई' म्हणतात. पाऊस पडायच्या बेताला ती शेतीसाठी परत येतात, तेव्हा बांधकाम शक्य नसतं. आपल्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. पूर्वी शेजारी मिळून भिंत उभी करत आणि घरधनी त्यांना जेवण आणि पिटो, म्हणजे ज्वारीची बिअर, देई. शेजारीच नसतील तर माणसं रोजाने लावावी लागतात. आणि रोख पैसे मोजायचेच असतील तर सिमेंटचे ब्लॉक बरे, दरवर्षी गिलाव्याची कटकट नाही, असा हिशेब कुणीही करेल. मीही केला असता.

त्या वाड्यावर रोजंदारी मिळत होती म्हणून दोन तरुण त्या वर्षी दक्षिणेला गेले नाहीत. एक जण वीस-बावीसचा असेल. तो मला म्हणाला, "बाबा भिंत बांधायचे ते मी बघितलंय, पण हाताने कधी केली नव्हती. या दिवसांत मी कायम कुमासीलाच असायचो." तो मुख्य मिस्त्रींच्या शेजारी भिंतीवर बसायला लागला तेव्हा मला जे समाधान झालं, ते माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामाने झालं नाही. तिथे बाजार दर तिसऱ्या दिवशी भरतो. मजुरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातावर पडे, आणि दुसऱ्या दिवशी मीठ, साबण, शाळेच्या वह्या घरात येत.

बायकांच्या मजुरीवरून मात्र वाद झाला. आमच्या गटाने गिलाव्याला आणि जमीन चोपायला पुरुषांइतकाच दर ठरवला होता. एका ज्येष्ठ गृहस्थांनी शांतपणे हरकत घेतली. ते म्हणाले, "आज पाहुण्यांचे पैसे आहेत म्हणून तुम्ही देता. उद्या ज्या घराकडे पैसे नाहीत तिथे या बायका चोपायला येतील का?" मुख्य बाईंनी उत्तर दिलं की आम्ही एकमेकींच्या घरी जाणं थांबवणार नाही, पण आमच्या मुली दक्षिणेला ओझी वाहायला जातात तेव्हा कुणी असा प्रश्न विचारत नाही. दोन तास बोलणं चाललं. दर तोच राहिला; गृहस्थांची हरकतही तशीच राहिली, आणि ती वजनदार आहे असं मला आजही वाटतं. बाहेरून आलेल्या पैशाने शेजारधर्म पातळ होऊ शकतो. तरी माझं मत त्या बायकांच्या बाजूने आहे. ज्या कामाला घरचं काम म्हणतात त्याला दाम मिळत नाही, आणि दाम नसलेलं काम मुली शिकत नाहीत.

राहण्या-जेवण्याबद्दल विचारतात म्हणून सांगते: मी वाड्यातल्याच एका कुटुंबात राहिले. जेवणात बाजरीचं किंवा मक्याचं तुओ झाफी, म्हणजे घट्ट घाटा, आणि सोबत अंबाडीच्याच जातीच्या पानांचं शेंगदाणे घातलेलं आंबट कालवण. लातूरच्या माणसाला ते पहिल्याच घासाला रुचतं. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा. कालवणात सुकी मासळी असते. भेटल्याबरोबर कामाचं बोलू नका. झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, हे सगळं विचारून झाल्यावरच विषय काढायचा असतो. मोठ्यांशी बोलताना मी थोडी वाकून बोलत असे, ते त्यांना आवडे.

परत आल्यावर मी औसा-निलंगा भागात माळवद बांधलेले मिस्त्री शोधायला सुरुवात केली. सापडलेले सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना बोलावताना दिवसाचा रोज देऊनच बोलावते, आणि सोबत एखादा सेंटरिंगवाला तरुण असेल तर त्यालाही. सुरुवात गोठ्यांपासून केली आहे. घराला मातीचं छप्पर घालायला आमच्याकडे अजून कुणी धजत नाही, आणि हलका थर, भिंतीत जोडदगड आणि कोपऱ्यांना लाकडी पट्टा याशिवाय मीही घालू देणार नाही.

ज्यांना घानाला जायचं असेल त्यांनी ऑगस्टच्या आतच पत्रव्यवहार करावा, कारण सप्टेंबरपासून गावात कापणीची गडबड सुरू होते आणि उत्तर यायला वेळ लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी भिंतींचं काम, फेब्रुवारीच्या मध्यापासून गिलावा आणि रंग. दोन्ही शिकायचं असेल तर निदान दोन महिने काढून जा. शुल्काचा हिशेब लेखी मागा, आणि त्यात बायकांच्या मजुरीचा आकडा वेगळा लिहिलेला नसेल तर पैसे पाठवण्याआधी तो विचारा.